पावसाळ्यात महाड-खेड-चिपळूणचा प्रवास आणि गावच्या सूचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग लागला की तेच प्रश्न परत परत येतात, घाट चालू आहे का, गाडी किती लेट आहे, उद्या शाळा आहे का, आणि हे फॉरवर्ड खरं आहे का. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा सगळं एकत्र लिहून ठेवलंय. पोलादपूर-महाडपासून खेड-चिपळूणपर्यंतचा पट्टा धरलाय, कारण प्रश्न बहुतेक तिथलेच असतात. आजचा रस्ता चालू की बंद हे इथे मिळणार नाही, ते कुठून काढायचं हे मिळेल.

१. आत्ता या क्षणाला रस्ता चालू आहे का, हे नक्की विचारायचं कोणाला?

जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला, नंबर १०७७. पावसाळ्यात तिथे रात्री पण माणूस असतो. एक गोष्ट बरेच जण चुकवतात, मुंबई-पुण्यात बसून नुसता १०७७ लावला तर तो आपल्या जिल्ह्याचा लागेल असं नाही, म्हणून आधी एसटीडी कोड लावायचा. रत्नागिरीसाठी ०२३५२, रायगडसाठी अलिबागचा ०२१४१. आणि जिल्हा कुठला ते पण लक्षात ठेवा: महाड, पोलादपूर रायगडात आणि खेड, चिपळूण रत्नागिरीत, हद्द कशेडीला लागते. त्यामुळे कशेडीच्या अलीकडचं विचारायला पलीकडच्या जिल्ह्याला फोन केला तर त्यांना ते माहीत असेलच असं नाही.

मॅपवरची लाल-निळी रेघ हा काही पुरावा नाही. दरड पडून रस्ता पूर्ण बंद असला आणि तिथे एकही गाडी नसली की मॅपला तो रस्ता मोकळाच वाटू शकतो.

२. व्हॉट्सॲपवर "घाट बंद" असा मेसेज आलाय. खरा की खोटा कसं ओळखू?

चार गोष्टी शोधा. कोणी काढलाय (जिल्हाधिकारी, पोलीस, बांधकाम विभाग, रेल्वे), कधी काढलाय म्हणजे तारीख आणि वेळ दोन्ही, कुठून कुठपर्यंत बंद आहे, आणि कुठल्या गाड्यांना बंद आहे. या चारातली एक जरी नसली तर तो मेसेज पुढे पाठवू नका, आधी प्रश्न १ मधल्या नंबरवर विचारा. "आत्ताच मित्राचा फोन आला" ही माहिती असेल, सूचना नाही.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. २२ जुलै २०२१ च्या चिपळूण-महाडच्या पुराचे व्हिडिओ दरवर्षी जुलैत परत फिरतात आणि मुंबईत बसलेल्या लोकांचा जीव वर-खाली होतो. बाजारपेठेत बुडालेल्या गाड्या, छपरावर बसलेली माणसं, हे बघून आई-वडील एकटे असलेल्या घरात फोनवर फोन जातात, लाईन बिझी होते, आणि ज्याला खरंच मदत पाहिजे त्याचा फोन लागत नाही. म्हणून व्हिडिओवर तारीख नसेल तर तो तुमच्याकडेच थांबवा, एवढी कळकळीची विनंती.

आणि हे कायद्यात पण आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ५४: आपत्तीबद्दल घबराट होईल असा खोटा इशारा पसरवला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड.

३. रेड अलर्ट म्हणजे रस्ता बंद का?

नाही. अलर्ट हवामान खातं देतं आणि तो सहसा अख्ख्या जिल्ह्याला असतो, रस्ता बंद करायचा अधिकार प्रशासनाचा. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. पावसाचे आकडे पण माहीत असू द्या, २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला तर "मुसळधार", ११५.६ च्या वर "अति मुसळधार", २०४.५ च्या वर "अत्यंत मुसळधार". हे २४ तास सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात, त्यामुळे पेपरात आलेला आकडा कालचा असतो, आजच्या प्रवासाला त्याचा उपयोग कमी.

निघायच्या आधी बघायचं ते पुढच्या तीन तासांचा अंदाज, "नाऊकास्ट" म्हणतात तो. वीज कडकडत असेल तर दामिनी ॲप, आणि सरकारी इशाऱ्यांसाठी सचेत ॲप.

अलर्ट म्हणजे बंद नाही, या नियमाला एक अपवाद आहे, तो वरंध घाटाचा (महाड-भोर रस्ता), प्रश्न ५ बघा.

४. कुठला घाट बंद असला तर कुठून जायचं?

महाड-पुणे: वरंध बंद असेल तर माणगाववरून ताम्हिणी. नाहीतर पोलादपूरहून आंबेनळी चढून महाबळेश्वर-वाई, पण जोरदार पावसात आंबेनळीत पण दरडी येतात, तेव्हा एक बंद म्हणून दुसरा चालू असेल असं धरून निघू नका, दोन्ही विचारा.

चिपळूण-कराड: कुंभार्ली. तो बंद झाला तर दक्षिणेला आंबा घाट, तो रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावर आहे, वळसा मोठा पडतो आणि हातात अर्धा दिवस जास्तीचा पाहिजे.

पोलादपूर-खेड: कशेडी. आता तिथे बोगदे आहेत, पहिला २०२३ च्या गणपतीच्या आधी हलक्या गाड्यांना उघडला. जुना घाटरस्ता पण आहेच, त्यामुळे मेसेजमध्ये नुसतं "कशेडी बंद" असेल तर बोगदा की घाट हे आधी विचारा, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही बंद असले तर खेड-दापोली-मंडणगड-म्हाप्रळ-आंबेत असा लांबचा रस्ता उरतो. आंबेतच्या पुलावरची वाहतूक गेल्या काही वर्षांत दुरुस्तीसाठी बंद झालेली आहे, तेव्हा त्या पुलाचं विचारल्याशिवाय तिकडे वळू नका.

खेड-चिपळूण: परशुराम. लोटे-चिरणी-आंबडसवरून आतला रस्ता आहे, तो छोट्या गाड्यांसाठीच समजा, अरुंद आहे आणि समोरून ट्रक आला तर दोघंही अडकतात.

आणि रघुवीर घाट. मॅपवर बघून खूप जण विचारतात की खेडहून तिकडून साताऱ्याला जाता येईल का. घाट चढून पलीकडे शिंदीला, कांदाटी खोऱ्यात उतरता येतं, पण पुढे कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आडवा येतो. साताऱ्याला जायचा तो सरळ रस्ता नाहीये. रात्री पावसात तर अजिबात नको.

५. वरंध घाटाचा दरवर्षी वेगळाच नियम असतो, नक्की काय समजायचं?

बरोबर पकडलंत. कधी पूर्ण पावसाळा सगळ्या गाड्यांना बंद, कधी फक्त अवजड वाहनांना बंद आणि हलक्यांना चालू, आणि कधी असं की हलक्या गाड्या एरवी जातील पण ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी त्यांनाही बंद. या शेवटच्या प्रकारात अलर्ट म्हणजेच बंदी होते, म्हणून त्या वर्षी सकाळी अलर्ट बघितल्याशिवाय भोरकडे तोंड करू नका.

जुना आदेश चालत नाही. गेल्या वर्षी हलक्या गाड्या जात होत्या म्हणून या वर्षी जातील असं नसतं, प्रत्येक पावसाळ्याचा आदेश नवीन निघतो आणि त्यात शेवटची तारीख लिहिलेली असते. ती तारीख आणि "कुठल्या गाड्या" ही ओळ, दोन्ही वाचा.

६. बंद घाटातून हळूच गेलो तर काय होतं? बाईक तर जाते.

बाईक जाते तोवर जाते. जिल्हा प्राधिकरणाला आपत्ती कायद्याखाली वाहतूक अडवायचा अधिकार आहे (कलम ३४) आणि आदेश मोडला तर कलम ५१ खाली गुन्हा होऊ शकतो. पण खरं कारण वेगळं आहे. दरडीखाली अडकलेल्याला काढायला जी माणसं जातात त्यांच्या डोक्यावर तोच डोंगर असतो.

घाटात असताना डोंगरावरून येणारं पाणी अचानक गढूळ झालं, बारीक दगड-माती घरंगळायला लागली, झाडं किंवा खांब कललेले दिसले, की तिथे फोटो काढत थांबायचं नाही, सरळ लांब जायचं आणि ११२ ला कळवायचं.

७. रेल्वेच्या तिकिटावर वेगळी वेळ आणि स्टेशनवर वेगळी, असं का?

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. बरीच वर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर होतं, २०२५ ला १५ जून ते २० ऑक्टोबर ठेवलं. या काळात गाड्या मुद्दाम हळू चालवतात आणि पाऊस एवढा असला की पुढचं नीट दिसत नाही तेव्हा वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत खाली आणतात. काळी, सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रणा बसवलेली आहे. तेव्हा लेट झाली म्हणून चिडण्यात अर्थ नाही, ती लेट जपूनच केलेली असते.

निघायच्या दिवशी १३९ वर किंवा ॲपवर वेळ परत बघा. महाडवाल्यांनो, तुमचं स्टेशन वीर, आणि वीरला प्रत्येक एक्सप्रेस थांबत नाही, ते पण तेव्हाच बघून घ्या.

८. गाडी लेट किंवा रद्द झाली तर पैसे परत मिळतात का?

मिळतात, पण वेळेत मागितले तर.

गाडी पूर्ण रद्द झाली आणि ई-तिकीट असेल तर काही करायचं नाही, पैसे आपोआप येतात. खिडकीवरचं तिकीट असेल तर गाडीच्या ठरलेल्या वेळेपासून ७२ तासांत खिडकीवर नेऊन द्या. गाडी तुमच्या स्टेशनला ३ तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि तुम्ही प्रवास करायचा नाही ठरवलं तर पूर्ण पैसे, पण ई-तिकिटाला गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा ऑनलाईन अर्ज, भरायला लागतो. इथेच लोक फसतात, घरी जाऊन जेवून-बिवून रात्री भरू म्हणतात आणि तोपर्यंत गाडी निघून गेलेली असते.

तात्काळवाल्यांना पण हा ३ तासांचा नियम लागू आहे. फक्त तुम्ही चढायचं स्टेशन बदलून घेतलं असेल तर लेट मूळ स्टेशनला धरतात, बदललेल्या नाही.

९. गाडी "डायव्हर्ट" केली म्हणजे काय, आम्ही चिपळूणला उभे आहोत!

म्हणजे ती चिपळूणला येणारच नाही. कोकणात रुळावर दरड आली की लांबच्या गाड्या पनवेल-पुणे-मिरज-लोंढा करून मडगावला नेतात. १४ जुलै २०२४ ला दिवाणखवटीजवळ दरड आली तेव्हा हेच झालं. गोव्याला जाणारा माणूस उशिरा का होईना पोचतो, पण मधल्या खेड-चिपळूण-रत्नागिरीवाल्याची गाडी गेलेलीच असते. अशा वेळी प्रवास केला नाही तर पैसे परत मागता येतात, टीडीआर ७२ तासांत. गाडी अर्ध्या वाटेत संपवली तर पुढच्या न झालेल्या प्रवासाचं पण मागता येतं, त्यासाठी जागेवरच टीसी किंवा स्टेशन मास्तरला दाखवून ठेवा.

स्टेशनवर पाठीला बॅगा लावून थांबण्याआधी एकच विचारा: "माझ्या स्टेशनला येणार का?" "चालू आहे" हे उत्तर पुरेसं नाही.

१०. एसटी मध्येच बंद पडली किंवा परत फिरवली तर?

तिकीट फेकू नका. बिघडलेल्या गाडीच्या प्रवाशांना त्याच तिकिटावर मागच्या एसटीत बसवून द्यायचं काम कंडक्टरचं असतं, त्यामुळे वाटेत उतरून वडापला (खाजगी जीपला) हात करायच्या आधी त्यांना विचारा. पुढची गाडी आरामबस असली तर वरचे पैसे मागतील का, हे पण बरेच जण विचारतात, बिघाडामुळे बसवून दिलं असेल तर फरक द्यायचा नसतो. महामंडळाचा टोल फ्री नंबर १८०० २२ १२५०.

खेड्यातल्या मुक्कामी गाडीचं मात्र नीट लक्षात घ्या. साकवावर (ओढ्यावरच्या छोट्या पुलावर) किंवा रस्त्याखालच्या मोरीवर पाणी आलं की ड्रायव्हर गाडी अलीकडेच थांबवतो. त्याच्याशी वाद घालू नका, "काल तर नेली होती" म्हणून दबाव आणू नका. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल वाहून गेला आणि त्यात दोन एसट्या गेल्या. त्या ड्रायव्हरना पूल गेलाय हे अंधारात दिसणंच शक्य नव्हतं. जो ड्रायव्हर थांबतो तो तुमच्यासाठीच थांबतो.

११. रस्त्यावर पाणी आहे, किती असेल तर गाडी घालायची?

वाहतं पाणी असेल तर घालायचीच नाही. घोट्याच्या वर जोरात वाहणारं पाणी माणसाला पाडू शकतं, फूटभर पाण्यात छोटी कार तरंगायला लागते, दोन फुटांत मोठ्या गाड्या पण जातात. वरून गढूळ पाणी दिसतं, खाली रस्ता उरलाय का ते दिसत नाही.

उभ्या गाडीत पाणी गेलं असेल तर स्टार्टर मारू नका, टो करून न्या. इंजिनात पाणी असताना चालू केलं की इंजिन बसतं आणि साध्या विम्यात ते सहसा भरून मिळत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कवच लागतं.

१२. चिपळूणला पाणी भरणार का हे आधी कसं कळेल? पाऊस थांबला तरी पाणी वाढतं ते कसं?

नुसत्या गावातल्या पावसावरून नाही कळत. तीन गोष्टी एकत्र बघायच्या. पहिली, वर सह्याद्रीत, पोफळी-कोयनेकडे किती पडतोय. दुसरी, कोयनेची वीज तयार झाल्यावरचं पाणी कोळकेवाडी धरणावरून वाशिष्ठीत येतं, ते सोडतायत का. तिसरी, दाभोळ खाडीची भरती कधी आहे. नदीचं पाणी शेवटी खाडीतूनच बाहेर पडायचं, आणि समोरून भरती आली की ते तुंबतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण मोठं असतं, तेव्हा वर जोरदार पाऊस असेल तर जास्त सावध. भरती दिवसातून दोनदा आणि रोज साधारण ५० मिनिटं उशिरा, तर कालची वेळ माहीत असेल तर आजची घरीच काढता येते.

पातळीचे आकडे: चिपळूणला वाशिष्ठी आणि खेडला जगबुडी, दोन्हींची इशारा पातळी ५ मीटर आणि धोका पातळी ७ मीटर. महाडला सावित्रीची धोका पातळी ६.५ मीटर. मेसेजमध्ये पातळी आली तर शेजारी वेळ आहे का बघा. सहा मीटर दुपारी एकला आणि सहा मीटर चारला यात फार फरक आहे, पाणी चढतंय की उतरतंय ते एका आकड्यावरून कळत नाही, दोन लागतात.

इशारा पातळी ओलांडली की दुकानातला खालचा माल वर, गाड्या उंचावर, औषधं आणि कागदपत्रं एका पिशवीत. भोंगा वाजायची वाट नका बघू.

१३. "धरण फुटलं" असा मेसेज आला तर पळायचं का?

या शब्दाने पोटात गोळा का येतो ते सगळ्यांना माहीत आहे. तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि माणसं वाहून गेली. म्हणूनच हा मेसेज कोणीही सहज पाठवू नये. धरणातून पाणी सोडणं आणि धरण फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सोडताना आधी नदीकाठच्या गावांना कळवतात.

तुम्ही धरणाच्या खाली, नदीकाठी राहात असाल आणि रात्रीचा मेसेज आला तर आधी म्हातारी माणसं आणि मुलं उंचावर न्या, मग १०७७ ला विचारा. खोटा निघाला तर एक रात्र गेली, एवढंच. लांब राहात असाल तर उलटं करा, आधी विचारा आणि खात्री होईपर्यंत पुढे पाठवू नका.

१४. उद्या शाळेला सुट्टी आहे का?

सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात. रेड अलर्ट आला म्हणून आपोआप होत नाही. आदेशात कुठले तालुके आणि कुठल्या इयत्ता ते लिहिलेलं असतं, कधी कधी एकाच तालुक्याला असते आणि शेजारच्याला नसते. खोटे आदेश पण फिरतात, जुन्या आदेशावरची तारीख बदलून. खात्री शाळेकडूनच करा. आणि सुट्टी नसली तरी वाटेत पाणी असेल तर पोराला पाठवू नका, एक हजेरी गेली तर जाऊ दे.

१५. गणपतीला येतोय, वेगळं काय बघायचं?

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, पूर्वी १२० होतं), तेव्हा तारीख कॅलेंडरवर आत्ताच करा. रस्त्याने येणाऱ्यांना सरकार दरवर्षी टोलमाफीचा पास देतं, तो आरटीओ किंवा पोलीस ठाण्यात मिळतो, गाडीच्या नंबरवर असतो आणि परतीला पण चालतो, त्यामुळे आल्यावर काढून टाकू नका. अवजड वाहनांना त्या दिवसांत महामार्गावर बंदी असते, तारखा त्या वर्षीच्या आदेशात. घरचा गॅस-सिलेंडर किंवा बांधकामाचं सामान ट्रकने मागवायचं असेल तर आधीच मागवा.

२०२५ च्या गणपतीला कोलाड ते वेर्णा कार रेल्वेवर चढवून नेण्याची सोय पण सुरू झाली होती. खेड-चिपळूणवाल्यांना तिचा उपयोग कमी, ती गोव्याकडच्यांसाठी.

१६. वाडीतली सूचना सगळ्यांना कळवायचीय, कशी लिहू?

प्रश्न २ मधल्या चार गोष्टी इथे पण लागतात, आणि पाचवी म्हणजे ही सूचना कधी संपते. "उद्या पाणी येणार नाही" असं लिहिलं की तीन दिवसांनी पण ते फिरत राहतं. "मंगळवार सकाळी ६ ते बुधवार सकाळी ६, वरची वाडी" असं लिहा. रस्ता उघडला, हरवलेला माणूस सापडला, रक्त मिळालं, की तसं परत कळवा. हे बहुतेक जण विसरतात आणि मग सापडलेल्या पोराचे फोटो महिनोन्‌महिने फिरतात.

पेशंटचं नाव, आजार, आधार कार्ड, घरचा पत्ता यातलं काही टाकू नका. एका माणसाचा फोन नंबर पुरतो, तो पण त्याला विचारून.

लाईट गेली असेल तर महावितरणचा १९१२. तार तुटून पडली असेल तर लांब उभं राहून लोकांना अडवा, काठीने पण हात लावू नका.

१७. रस्ता बंद आहे आणि घरात पेशंट आहे, काय करू?

१०८ लावा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की रस्ता कुठे बंद आहे, नाहीतर ॲम्ब्युलन्स चुकीच्या बाजूने येते. बाळंतिणीसाठी १०२. सोबत १०७७ ला पण कळवा, कारण दरड बाजूला करायला जेसीबी कुठे आहे ते त्यांना माहीत असतं आणि पेशंट आहे म्हटल्यावर आधी तिकडे पाठवता येतो.

जुलै-ऑगस्टात दिवस भरणार असतील आणि घर साकवाच्या किंवा घाटाच्या पलीकडे असेल तर आठ-दहा दिवस आधीच तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे या. डायलिसिसवाल्यांनी पण पावसाळ्यापुरती जवळची सोय बघून ठेवा.

१८. आदेशाची तारीख संपली, तरी पोलीस सोडत नाहीत, असं कसं?

आदेशाची मुदत वेगळी आणि त्या दिवशीची परिस्थिती वेगळी. दरड काढली तरी वर सुटे दगड लटकत असतील तर काही तास थांबवतात, किंवा एकेरी सोडतात. याची लेखी नोटीस दर वेळी निघेलच असं नाही, नाक्यावरचा पोलीस सांगेल तोच आदेश. किती वेळ लागेल विचारा, दोन तासांपेक्षा जास्त सांगितलं तर प्रश्न ४ मधला दुसरा रस्ता बघा. आणि एकेरी सोडत असतील तर रांग मोडून उजव्या बाजूने पुढे घुसू नका, समोरची रांग सुटली की मग कोणालाच हलता येत नाही.